लाभ, दोन, तीन

मंद्रूपच्या पुढं, रस्ता सोडून दीड कोस,
काळ्या रानात आमची मालदांडी उभी असायची
माणसापेक्षा हातभर उंच.
कापायची नाही, उपटायची.
दोन्ही मुठींत धाट धरायचं, कंबर मागं टाकायची,
आणि भेगाळलेली जमीन एकदम हात सोडायची
तेव्हा जो आवाज व्हायचा
त्याला शब्द नाही माझ्याकडं.
आईच्या तळहातांना तो पाठ होता.

माघ लागला की खळं.
पाणी शिंपून, बैल फिरवून, शेणानं सारवून
इतकं गुळगुळीत, की इराप्पाकाका
चपला बांधावर काढून यायचा
आणि तलाठ्यालासुद्धा सांगायचा, "हितनं पुढं अनवाणी."
मधोमध तिवडा, भोवती चार बैल, तोंडाला मुसकी,
बैलांच्या मागं मी, हातात फुटकी पाटी.
शेपूट हललं की धावायचं,
शेण दाण्यात पडता कामा नये.
मी ते काम फार मन लावून केलं.
एवढं मन नंतर कशात लावलं, आठवत नाही.

त्या साली वारं पडलं.
तीन दिवस काका वावडीवर सूप धरून उभा.
तोंडानं शीळ घालायचा, वाऱ्याला बोलवायला,
मधेच कानडीत एक शिवी.
भुसकट आणि दाणा एकमेकांना सोडेनात.
चौथ्या रात्री, दोन वाजले असतील,
गंजीतला कडबा सळसळला.
"उठा गं, आलं!"
आईनं झोपेतच डोक्यावरचा पदर नीट केला,
पाहुणा दारात असल्यासारखा.
चांदणं असं, की खडा आणि दाणा वेगळा दिसावा.
काका वर, आई खालून पाट्या भरून देतेय,
दाणे सरळ खाली, भुसकट तिरकं गावाकडं,
आणि माझ्या पापण्यांत, मानेवर, झग्याच्या आत सगळी कूस.
खाजवून खाजवून रडले.
त्या रात्री माझ्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती.

उजाडता उजाडता रास.
मोजताना बोलायचं नसतं.
काका पायली भरायचा, हातानं सपाट करायचा,
पोत्यात रिकामी करायचा.
एक म्हणायचा नाही कधी.
"लाभ," म्हणायचा. मग "दोन." मग "तीन."
सतराव्या पायलीला मला राहवलं नाही,
"काका, एक कुठाय?"
त्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं.
ओरडला नाही. भरलेलं पोतं
पुन्हा राशीवर ओतलं,
बसला मांडी घालून,
"लाभ."

तळाशी सूपभर दाणे तसेच ठेवायचे,
न मोजलेले. ते कुणाचे, हे मी विचारलं नाही.
एवढं शिकले होते तोवर.

आता तिथं ऊस आहे.
उसाला खळं लागत नाही, वारं लागत नाही.
शिवलिंग काट्यावरच्या पावतीचा फोटो पाठवतो,
टन, क्विंटल, खाली पुसट शिक्का.
पैसे बरे येतात, मी नाही म्हणत नाही.
आईच्या गुडघ्यांचं त्याच पैशात झालं.
फक्त वरच्या मळ्याकडून जाताना
ती खळ्याच्या जागेपाशी अजून चपला काढते,
पायाखाली पाचट टोचत असताना.

मी अक्कलकोट रोडला टॉवेल बांधते.
बाराचा एक गठ्ठा, वर चिठ्ठी, वर सुतळी.
शेजारी नरसम्मा, मागं मागांचा खडखडाट,
बोललेलं ऐकू येत नाही म्हणून
आम्ही एकमेकींचे ओठ वाचतो.
परवा ती माझ्याकडं बघत राहिली, मग हात हलवून म्हणाली,
"अगं, तू एक म्हणतच नाहीस. एक कुठं जातो तुझा?"

हात थांबला. सात होते की आठ?
सुतळी सोडली.
सगळे टॉवेल टेबलावर पसरले,
तिच्याकडं बघितलं.
काय दिसलं तिला कोण जाणे, गप्प झाली.
पहिला टॉवेल उचलला.